पायातला बेसॉल्ट आणि छपराचा बेसॉल्ट: खोऱ्यांचा नकाशा कसा वाचू नये

तेल-वायूवर रिसर्च प्रपोजल लिहायला बसलात की हायड्रोकार्बन महासंचालनालयाचा नकाशा समोर येतोच. भारतात गाळाच्या खडकांची २६ खोरी, सुमारे ३३.६ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र, तीन गट. उत्पादन चालू ते पहिल्या गटात, सापडलंय पण उत्पादन नाही ते दुसऱ्यात, शोध बाकी ते तिसऱ्यात. धोरण ठरवणाऱ्याला हे सोयीचं आहे. तुम्ही मात्र तो भूशास्त्राचा निकाल समजून वाचलात तर फसाल.

नाशिकजवळचं एकलहरे घ्या. औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्यांखाली बेसॉल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा प्रदेश ‘डेक्कन सिनेक्लाइज’ म्हणून तिसऱ्या गटात येतो. १९७४ साली तेल लागलेलं मुंबई हाय ज्या खोऱ्यात आहे, ते पहिल्या गटात. पण बेसॉल्ट तर तिथेही आहे! मग फरक कशात? क्रमात. सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, पश्चिम किनाऱ्याबाहेरचा भाग खचला आणि बेसॉल्टवर गाळ साचत गेला. त्या गाळातल्या सेंद्रिय द्रव्याचं तेल झालं आणि ते वरच्या चुनखडीत अडकलं. तिथे बेसॉल्ट पायात आहे. एकलहऱ्याला तोच छप्पर आहे. जे काही असेल ते त्याच्याखाली. त्यात सर्वेक्षणाच्या लहरी बेसॉल्टमध्ये विखुरतात, त्यामुळे खालचं चित्र धूसर मिळतं.

नकाशाची खरी उणीव इथेच आहे. ‘तिथे नाही’ आणि ‘अजून दिसत नाही’ हे दोन्ही तो एकाच रंगात रंगवतो. कडप्पासारखं अतिप्राचीन खोरंही याच तिसऱ्या गटात, दोघांच्या इतिहासात काडीचं साम्य नसताना. बंगालचं खोरं २०२०मध्ये तिसऱ्यातून थेट पहिल्यात गेलं. गोंडवन फुटल्याचा इतिहास त्या वर्षी बदलला नव्हता. विहिरीतून उत्पादन सुरू झालं, एवढंच.

म्हणून ‘तिसरा गट, सबब शक्यता कमी’ असं वाक्य प्रपोजलमध्ये लिहू नका. विदर्भात कोळसा असलेले गोंडवन खडक बेसॉल्टखाली शिरताना दिसतात. तेव्हा विचारायचं ते असं: लाव्हा येण्याआधी इथे काय साचलं होतं, ते किती खोल गेलं, किती तापलं, आणि तयार झालेलं तेल-वायू पुढच्या हालचालींत टिकलं का? गट कोणता, हे शेवटी लिहा.