खानदेशांतील १८७२ चा महापूर व ‘मदत’ शब्दाची चिकित्सा

खानदेशांतील नैसर्गिक आपत्तींविषयीं लिहितांना हंटर यांच्या ‘इंपीरियल गॅझेटियर’चा आधार घेण्याचा प्रघात आहे. १८७२ च्या महापुरासंबंधीं त्यांतील तात्पर्य असें कीं, गिरणा व पांझरा या नद्यांच्या पुरानें धुळ्यांतील ५०० घरें वाहून गेलीं, १५२ गांवांस उपद्रव पोंचला, सुमारें १६ लक्ष रुपयांची मालमत्ता बुडाली आणि हजारांवर पीडितांस खासगी व सार्वजनिक धर्मादायांतून साहाय्य मिळालें.

या मजकुरांतील पहिले तीन आकडे हानीचे आहेत. चौथा साहाय्याचा, परंतु त्यांत माणसें मोजलीं आहेत, रुपये मोजलेले नाहींत. शिवाय खासगी देणगी व सार्वजनिक द्रव्य हीं एकाच वाक्यांत मिसळलीं असून, पीडितांत शेतकरी किती व शहरवासी किती याचा उलगडा होत नाहीं. तेव्हां एवढ्यावरून ‘सरकारनें रयतेस मदत केली’ किंवा ‘केली नाहीं’ असा कोणताहि निर्णय देणें हें प्रमाणशुद्ध नव्हे.

मूळ दोष ‘मदत’ हा एकच शब्द चार भिन्न व्यवहारांस लावण्याचा आहे. सूट म्हणजे सारा कायमचा सोडणें. तहकुबी म्हणजे वसुली पुढें ढकलणें. तगाई म्हणजे बैल‑बियाण्यांसाठीं दिलेलें, परत घ्यावयाचें कर्ज. आणि धर्मादाय तेवढा परतफेडीवांचून दिलेला. पेशवाईच्या कागदांतहि सूट व तगाई हीं कलमें वेगळीं आहेत. इंग्रजी अमलांत १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं तगाईस निश्चित रूप आलें, तरी तें कर्जच राहिलें. पीक चार आण्यांच्या आंत उतरल्यास मिळे ती त्या सालची तहकुबी. १९१८ च्या खेडा सत्याग्रहांत सरकार व रयत यांचा वाद पेटला तो याच आणेवारीवरून. तगाईची रक्कम दानाच्या बाजूस मांडणारा इतिहासकार रयतेचें ऋण सरकारचें औदार्य म्हणून नोंदवितो.

हा घोळ अद्यापि संपलेला नाहीं. केंद्र सरकारच्या २०२२ सालीं ठरलेल्या निकषांत ३३ टक्के वा अधिक पीकहानि झाल्यास जिराईत जमिनीस हेक्टरीं ८,५०० व बागाईत जमिनीस १७,००० रुपये, तेहि २ हेक्टरांपर्यंत, धरले आहेत. लोक यास ‘नुकसानभरपाई’ म्हणतात. निकषांची भाषा मात्र बी‑खतादि निविष्ठांच्या अनुदानाची आहे. बुडालेल्या पिकाची किंमत त्यांत धरलेलीच नाहीं. उद्यांच्या संशोधकानें लोकांचा शब्द घेतला तर तोहि फसेल.

निर्णय व्हावयाचा तो गांवच्या कागदांवरून. अमळनेर तालुक्यांत पांझरेच्या व बोरीच्या कांठच्या गांवांतून जुन्या कुळकर्णी घराण्यांचीं दप्तरें असतील, तीं या दृष्टीनें तपासलीं पाहिजेत. संग्राहकांचें लक्ष सनदा, वतनपत्रें व पोथ्या यांकडे असतें. वसुलीचे खर्डे, तगाईच्या पावत्या व बाकीच्या यादी रद्दींत जातात. परंतु १८७२ सालीं कोणत्या कुळास किती मिळालें आणि पुढें त्याच्याकडून किती वसूल झालें, हें सांगणारा साक्षीदार दुसरा नाहीं. असे कागद हातीं आल्यास ते साल, गांव व कलम यांच्या नोंदीसह जपून ठेवावेत. सनदेची नक्कल दुसऱ्या दप्तरांत मिळूं शकते. फाटलेल्या पावतीची मिळत नाहीं.