पुस्तकविक्रेत्याची निवड

टीकाकाराच्या अभिरुचीची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. पुस्तकविक्रेत्याच्या अभिरुचीची कोणी करीत नाही. वास्तविक पुस्तक आणि वाचक यांची गाठ घालून देणारा माणूस तोच. पण जोवर तो गल्ल्यावर बसलेला असतो तोवर त्याच्या ‘हे वाचाच’ या शब्दांत गिऱ्हाइकाला ‘हे घ्याच’ असे ऐकू येते. म्हणून धंदा सोडून निघालेल्या विक्रेत्याची शिफारस मला मोलाची वाटते. तिच्यात नफ्याचा अंश उरलेला नसतो.

जॉर्ज ऑर्वेलने १९३४ ते १९३६ या काळात लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात काम केले आणि त्या नोकरीने आपले पुस्तकप्रेम आटले, असे पुढे लिहून टाकले. आमच्या सालेकसा येथील पुस्तकविक्रेत्यांचे तसे झाले नाही. शाळांतील मुलांना पाठ्यपुस्तके मोफत मिळू लागली, हे योग्यच झाले. पण त्यांच्या दुकानाचा आधार गेला. नुसत्या वह्या आणि गाइडे विकून संसार चालेना. दिवाळीनंतर ते गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये हिशेब लिहायला जाणार आहेत. जाता जाता त्यांनी आपल्या आवडीची तीन पुस्तके मला सांगितली. ती निवड पारखून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू.

पहिले ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत लक्ष्मीबाई टिळकांनी पतीच्या १८९५ मधील धर्मांतराने झालेली घराची ताटातूट सांगितली आहे. दुःख एवढे, पण वाचकाकडे कीव मागितलेली नाही. विनोद येतो तोही दुःख झाकण्यासाठी नव्हे, तर माणसे जशी असतात तशी दिसावीत म्हणून. नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत भेटलेल्या एका गोऱ्या प्रवाशाने रेव्हरंड टिळकांना बायबल दिले होते. “गुरुजी, ती गाडी आपल्याच गावावरून गेली असणार!” असे सांगताना विक्रेत्यांचा चेहरा फुलला. कोणत्या टीकाकाराने हे पुस्तक आमच्या इतके जवळ आणून ठेवले असते?

दुसरे विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ (१९३९). येथे मात्र त्यांचे-माझे जमले नाही. ते याला मराठीतील सर्वांत सुंदर प्रेमकथा म्हणून विकीत. युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि देशाला मुकलेली ज्यू हेर्टा भेटतात, हे खरे. परंतु प्रेमकथा म्हणून हे पुस्तक हाती घेणारा फसेल. पूर्वीच्या प्रेमभंगाने कडवट झालेला, निर्णयाच्या क्षणी कच खाणारा पुरुष लेखकाने मुळीच पाठीशी न घालता दाखविला आहे. महायुद्ध पेटण्यापूर्वीचे खरे रणांगण त्या एका मनात आहे. कादंबरीचे मोठेपण मी तेथे मानतो.

तिसरे व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५). माणदेशातील धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. लोक त्याला आपला म्हणतात, सारे मिळून तालीम बांधतात. पुढे दुष्काळ येतो आणि वाडी ओस पडते. मास्तर फार अलिप्तपणे पाहतो, अशी तक्रार करता येईल. मला ती मान्य नाही. त्याने रडून सांगितले असते तर वाडी बाजूला राहून मास्तरच मोठा झाला असता. माणदेशात पाऊस नाही, आमच्याकडे धान आणि जंगल. तरीही सुगी संपली की कामासाठी परगावी निघालेल्या आईबापांबरोबर वर्गातील मुलेही जातात. हजेरीपटावरच्या त्या रिकाम्या चौकटी ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे पुस्तक परक्या मुलखाचे वाटत नाही.

तिन्ही पुस्तके शेजारी ठेवली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. एकात घर सुटते, दुसऱ्यात देश, तिसऱ्यात गाव. आपले दुकान सोडून जाणाऱ्या माणसाने नकळत अशीच पुस्तके निवडावीत, याला योगायोग म्हणवत नाही. मनापासूनची आवड अशीच असते. ती साहित्याविषयी बोलते आणि बोलणाऱ्याविषयीही.

आता आमच्या गावात पुस्तक हातात घेऊन, दोन पाने चाळून, ‘हे कसे आहे हो?’ असे विचारण्याजोगी जागा उरणार नाही. पुस्तक थोर आहे की नाही हे टीकेने ठरेलही, पण ते शेजाऱ्याच्या हाती कोणी द्यायचे? वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर एखादे पुस्तकही शेजारी पाठवा, आणि ते तुम्हांला का आवडले हेही दोन शब्दांत सांगा.