तृणधान्यांतील नियामक प्रथिनांचे नामकरण : एक चिकित्सा

प्रस्तावना

जनुकाचे प्रकटन केव्हा, कोठे आणि किती प्रमाणात व्हावे, हे ठरविणाऱ्या नियामक प्रथिनांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर असे म्हटले जाते. तृणधान्यांतील या प्रथिनांच्या नावांत एकवाक्यता यावी, यासाठी जॉन ग्रे व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'प्लांट फिजिऑलॉजी' या नियतकालिकात एक शिफारस मांडली. तीनुसार नावात प्रथम प्रजातीची दोन अक्षरे, नंतर प्रथिनाचे कुल आणि शेवटी क्रमांक असावा. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे बळ व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन

अशा शिफारशीची गरज किती खरी होती, हे लगेचच प्रत्ययास आले. २०१० मध्ये 'नेचर जेनेटिक्स'च्या एकाच अंकात दोन संशोधक गटांनी भाताच्या एकाच जनुकाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केले. एका गटाने त्यास 'आदर्श वनस्पतिरचना' या अर्थाचे आयपीए१, तर दुसऱ्याने 'संपन्न शेतकऱ्याची लोंबी' या अर्थाचे डब्ल्यूएफपी असे नाव दिले. वस्तुतः ओएसएसपीएल१४ हे कुलदर्शक नाव उपलब्ध होते. यांपैकी एकाच नावाने संदर्भ शोधणाऱ्या अभ्यासकाच्या दृष्टीतून उरलेले संशोधन निसटू शकते. शिवाय 'आदर्श' व 'संपन्न' ही विशेषणे शेतातील कसोटीपूर्वीच फलश्रुती सांगून टाकतात. कुलदर्शक नाव असे कोणतेही आश्वासन देत नाही. हे त्याचे मोठे बळ होय.

तथापि केवळ कुलदर्शक नाव पुरेसे नाही. मक्यातील ओपेक-२ हे नाव अपारदर्शक दाण्याच्या उत्परिवर्तनावरून आले. या दाण्यात लायसीनचे प्रमाण अधिक असते, हे १९६४ मध्ये दाखविले गेले. ते जनुक बीझिप कुलातील नियामक प्रथिन घडविते, हे पुढे उमगले. जुने नाव पुसल्यास प्रथिन आणि पोषण यांतील हा ऐतिहासिक दुवाही पुसला जाईल.

दुसरी अडचण प्रजातीच्या अक्षरांची आहे. बाजरीचे पेनिसेटम ग्लॉकम हे नाव प्रचलित असले, तरी अलीकडील वर्गीकरणात तिला सेंक्रस अमेरिकॅनस म्हटले जाते. म्हणजे 'पीजी'च्या जागी 'सीए' येणार. पण हरभरा (सायसर अॅरिएटिनम) आणि मिरची (कॅप्सिकम अॅन्युअम) यांचीही आद्याक्षरे 'सीए' हीच आहेत. तृणकुलापुरता हा गोंधळ नसला, तरी सर्व पिकांच्या एकत्रित माहितीसंचात तो टळणार नाही. तिसरी अडचण क्रमांकाची. भात व मका यांतील दोन प्रथिनांचा क्रमांक सारखा असला, म्हणून त्यांचे उत्क्रांतिजन्य नाते सिद्ध होत नाही. विद्यार्थी मात्र सहज तसे गृहीत धरतो.

निष्कर्ष

नाव आणि ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे वरील उदाहरणांवरून स्पष्ट होते. नाव अभ्यासकाच्या सोयीसाठी असते. ओळख मात्र जनुकाच्या गुणसूत्रावरील स्थानाशी निगडित स्थान-क्रमांकानेच निश्चित व्हावी. म्हणून शोधनिबंधातील प्रथम उल्लेखात कुलदर्शक नाव, पूर्वीची सर्व पर्यायी नावे आणि स्थान-क्रमांक ही तिन्ही देणे नियतकालिकांनी बंधनकारक करावे. शिफारस कितीही तर्कशुद्ध असली, तरी संपादक व परीक्षक यांच्या आग्रहावाचून ती कागदावरच राहते. वर्गात शिकविताना आणि प्रबंध तपासताना हा आग्रह धरणे प्राध्यापकांच्याही हाती आहे.