गुणवत्ता कोणाची मोजता?

मुंबईतील शाळांची तुलना करताना शिष्यवृत्ती परीक्षेचे निकाल पुढे केले जातात. मला ही फूटपट्टीच मान्य नाही. त्या परीक्षेला सगळा वर्ग बसत नाही. निवडक मुले बसवली जातात. शिवाय महापालिकेची शाळा बिगाऱ्याच्या, सफाई कामगाराच्या मुलाला नाकारू शकत नाही. विनाअनुदानित शाळेची फीच चाळणी लावते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास, अशा शाळांना २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट दिली; जुलैत उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दार कोणाला बंद होते हे न पाहता निकाल तोलणे म्हणजे जातीलाच गुणवत्ता म्हणणे. रयतेच्या पैशावर शिकते कोण, हा जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडलेला सवाल आजही उभा आहे. पाचवीतली किती मुले आठवीपर्यंत टिकली आणि त्यांना वाचता काय येते, हे आधी मोजा.