पाऊस शून्य, की नोंदच नाही?

आकडेवारी हाताळण्यासाठी ‘पायथन’ या संगणकभाषेत ‘पांडाज’ नावाचा आज्ञासंच आहे. वेस मॅकिनी यांनी २००८ मध्ये त्याचे काम सुरू केले. संच उपयुक्त आहे, यात वाद नाही. परंतु त्यातील आज्ञा एकमेकींशी जुळवून घेत नाहीत, आणि ही तक्रार किरकोळ नव्हे.

समजा, शाळेचा पर्जन्यमापक फुटला आणि जुलैचा सगळा रकाना कोरा राहिला. जुलैची सरासरी विचारली, तर पांडाज ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नाही’, असे सांगतो. योग्यच आहे. आता त्याच रकान्याची बेरीज विचारा. उत्तर येते शून्य! ऐन जुलैत कोरडा दुष्काळ, आणि इशारा काहीच नाही. वर्षाच्या बेरजेत हे शून्य निमूटपणे मिसळून जाते.

२०१७ पर्यंत तर हे उत्तर, आकडेमोड जलद करणारा ‘बॉटलनेक’ नावाचा दुसरा संच त्या संगणकावर आहे की नाही, यावर अवलंबून असे. ऑक्टोबर २०१७ च्या ०.२१ या आवृत्तीत उत्तर ‘नॅन’ ठरले आणि दोनच महिन्यांनी, ०.२२ मध्ये, शून्य.

रिक्त संचाची बेरीज शून्य, हा संकेत गणिताच्या शिक्षकांना मान्यच असेल. पांडाज कोऱ्या जागा आधी वगळतो, मग उरलेल्यांची बेरीज करतो. काहीच उरले नाही, तर शून्य. गणित म्हणून हे बिनचूक आहे. पण मोजून शून्य येणे आणि मुळात न मोजणे या प्रयोगवहीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मिन_काउंट’ १ ठेवले, की ‘नॅन’ मिळते खरे; मात्र ज्याला धोका ठाऊक आहे, तोच हा उपाय शोधणार!

इतरत्रही असेच. ‘युनिक’ ही आज्ञा वेगवेगळ्या नोंदींची यादी देताना कोरी जागाही धरते, ‘एनयुनिक’ त्यांची संख्या सांगताना ती वगळते. यादीत चार, मोजणीत तीन.

२, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ यांचे प्रमाण विचलन ‘नमपाय’ हा सोबतचा संच २ सांगतो, पांडाज २.१४. विचलनांच्या वर्गांची बेरीज ३२. पहिला तिला ८ ने भागतो, दुसरा ७ ने. दोन्ही सूत्रे संख्याशास्त्रात मान्य आहेत. अकरावीच्या पुस्तकातले उत्तर पांडाजकडून हवे असेल, तर ‘डीडॉफ’ शून्य, असे मुद्दाम लिहावे लागते.