विकावे कधी? : तीन सूत्रांची पारख

शेअर कोणता घ्यावा यावर मराठीत पुष्कळ लिहिले जाते. तो विकावा कधी, यावर फार थोडे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त होऊन फंडाची रक्कम बाजारात घालणाऱ्यांची खरी अडचण मात्र विक्रीचीच असते. म्हणून तीन नामवंत सूत्रे मी दोन भारतीय कंपन्यांवर ताडून पाहिली.

बेंजामिन ग्रॅहम यांनी आयुष्याच्या अखेरीस, 1976 मध्ये सांगितले : पन्नास टक्के नफा झाला की विका, नाही झाला तर दुसरे वर्ष सरताना मिळेल त्या भावाला विका. विल्यम ओ'नील म्हणतात : भाव खरेदीच्या खाली सात-आठ टक्के गेला की कारण न विचारता बाहेर पडा. फिलिप फिशर (1958) आकडाच देत नाहीत. त्यांच्या लेखी कारणे तीनच : मूळ निवड चुकली, कंपनी पूर्वीची राहिली नाही, किंवा अधिक चांगली संधी दिसली.

पुण्यात 1981 साली जन्मलेल्या इन्फोसिसचा शेअर 1993 मध्ये 95 रुपयांना विक्रीस आला आणि बाजारात 145 ला उघडला. पन्नास टक्क्यांची रेषा 142.50 वर होती. ग्रॅहमवादी पहिल्याच दिवशी मोकळा झाला असता. 1994, 1997 आणि 1999 च्या बोनसने एकाचे आठ शेअर झालेले त्याने दुरूनच पाहिले असते. अर्थात ग्रॅहम यांचे सूत्र स्वस्तात घेतलेल्या अनेक शेअरांच्या गाठोड्यासाठी होते. आपल्याकडे ते सांगताना ही अटच गळून पडते.

16 डिसेंबर 2008 रोजी सत्यमने प्रवर्तक कुटुंबाच्या मेटास कंपन्या विकत घेण्याचे जाहीर केले आणि विरोध होताच माघार घेतली. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे तीस टक्के पडला. नुकतीच खरेदी केलेला ओ'नीलचा अनुयायी तेव्हाच सुटला असता. 7 जानेवारी 2009 ला रामलिंग राजू यांचे कबुलीपत्र आले आणि भाव 179 च्या आसपासहून 40 च्या घरात आला. पण ज्याची खरेदी फार पूर्वी, स्वस्तात झाली होती, त्याला हाच नियम डिसेंबरात काहीच बोलला नसता.

माझा आक्षेप इथे आहे. खरेदीचा भाव आपल्या वहीत असतो. कंपनीला त्याचा पत्ता नसतो. लासलगावला कांदा कधी न्यायचा, हे चाळीतली सड सांगते, बियाण्याची पावती नव्हे. फिशर यांचा प्रश्न डिसेंबरात दोन्ही भागधारकांना सारखाच लागू होता.

तरी आकडा निरुपयोगी नाही. नफ्यातले शेअर घाईने विकायचे आणि तोट्यातले कवटाळून बसायचे, ही माणसाची खोड शेफ्रिन आणि स्टॅटमन यांनी 1985 मध्ये दाखवून दिली. म्हणून माझा निष्कर्ष असा : तोट्याच्या बाजूला ओ'नील यांचा आकडा पाळावा, कारण तिथे आपण स्वतःला फसवतो. नफ्याच्या बाजूला आकडा गाठला म्हणून विकू नये. शेअर का घेतला होता ते काढून वाचावे आणि ते कारण अजून टिकून आहे का, एवढेच तपासावे.