शिधा आणि शब्द : दीर्घ पदयात्रेच्या गद्याची एक कसोटी

१

मराठीतील प्रवासवर्णनांची चर्चा आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झाली आहे. पाहिलेल्या प्रदेशाचे यथार्थ चित्र उभे राहिले की नाही, हे एक. आणि त्या चित्रातून लेखकाचे व्यक्तिमत्त्व कितपत प्रकटले, हे दुसरे. वाहनाने केलेल्या प्रवासाच्या वर्णनाला या दोन कसोट्या बहुधा पुरतात. परंतु शेकडो मैलांच्या पायी प्रवासाचे गद्य, त्यातही अनेकांच्या सोबतीने केलेल्या पदयात्रेचे गद्य, एवढ्याच कसोट्यांवर घासले तर त्यातील महत्त्वाचा अंश हातून निसटतो. पायी चालणारा मनुष्य पाणी, अन्न आणि निवारा यांसाठी प्रत्यही दुसऱ्या कोणावर तरी अवलंबून असतो. हा आधार लेखक सांगतो काय, सांगताना आधार देणाऱ्या माणसाला मजकुरात जागा देतो काय, आणि त्या ऋणाचा त्याच्या पाहण्यावर काही परिणाम झालेला दिसतो काय, ही पदयात्रेच्या गद्याची तिसरी कसोटी होय. ती प्रथम एका ओसाड किनाऱ्यावरील मोहिमेच्या वृत्तान्ताला, नंतर मराठीतील तीन पुस्तकांना, आणि शेवटी देहूपासून दापोडीपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यातून जाणाऱ्या वारीच्या वाटेला लावून पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२

वाळवंटी किनाऱ्याच्या कडेने झालेल्या दीर्घ चालीचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन वृत्तान्त भारताच्या उंबरठ्यावरचाच आहे. इ. स. पूर्व ३२५ मध्ये अलेक्झांडरचे सैन्य सिंधूच्या मुखाकडून पश्चिमेस मकरानमार्गे परत निघाले. समुद्रातून नीआर्कसचे आरमार येणार होते. त्याच्यासाठी किनाऱ्यालगत विहिरी खणाव्यात व धान्याचे साठे करावेत, अशी योजना होती. प्रत्यक्षात पाण्याच्या शोधार्थ सैन्याला किनारा सोडून आत वळावे लागले. पुरा या ठिकाणी पोहोचेपर्यंत साठ दिवस गेले आणि वाटेत तहान, भूक व उष्मा यांनी असंख्य बळी घेतले. एका रात्री छोट्या ओढ्याला अकस्मात पूर येऊन तळाबरोबर असलेल्या स्त्रिया व मुले वाहून गेली.

एरियनने हा वृत्तान्त चार शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, टॉलेमी व अरिस्टोब्युलस यांच्या लेखनाच्या आधारे लिहिला. म्हणजे तो मोहिमेबरोबर चाललेला नाही. तिच्या मागोमाग शब्दांनी गेलेला आहे. या वृत्तान्तातील एक प्रसंग सर्वांच्या स्मरणात राहतो. सैनिकांनी शिरस्त्राणातून आणलेले थोडेसे पाणी अलेक्झांडरने सर्वांदेखत वाळूत ओतून दिले, हा तो प्रसंग. त्यात नायकाची उंची दिसते. पण तिसऱ्या कसोटीने पाहता त्याहून मोलाचा प्रसंग दुसराच आहे. आरमारासाठी किनाऱ्याकडे रवाना केलेल्या धान्यावर राजाने स्वतःची मोहोर उमटविली होती. ज्यांच्यावर रक्षणाची जबाबदारी होती त्या पहारेकऱ्यांसह भुकेल्या सैनिकांनी ती मोहोर फोडून धान्य वाटून खाल्ले, आणि त्यांची निकड जाणून राजाने त्यांना क्षमा केली. मोहिमेचा खरा कणा शिधा आहे, आज्ञा नव्हे, हे सत्य येथे एका फुटलेल्या मोहोरेतून व्यक्त झाले आहे.

तथापि हे धान्य ज्यांनी पिकविले आणि दळले, त्यांचे काय? वरच्या भागातील रहिवाशांनी धान्य, खजूर व मेंढ्या विक्रीस आणाव्यात असा हुकूम झाल्याचे एरियन नोंदवितो आणि पुढे निघून जातो. या माणसांना चेहरा नाही. मोहिमेच्या गद्याची ही जातिवंत मर्यादा आहे. त्याला भूमी ओसाड हवी असते, कारण ओसाडीवरच चालणाऱ्याचे धैर्य उठून दिसते. भूमी ओसाड ठेवायची तर तिच्यात राहणाऱ्यांना पुसट करावे लागते.

या मर्यादेला अपवाद नाहीत असे नव्हे. विल्फ्रेड थेसिजर यांच्या ‘अरेबियन सँड्स’ (१९५९) या ग्रंथात वाळवंटाइतकेच त्यातले बदू सोबती भरून राहिले आहेत. उपासमार चालू असताना हाती लागलेला एकुलता एक ससा अवचित आलेल्या पाहुण्यांना संपूर्ण वाढून टाकणारे हे सोबती आपल्याला कोणत्या नीतीने जगवीत आहेत, याचे भान लेखकाला क्षणभरही सुटत नाही. परंतु याच लेखकाला तेलाचा व मोटारींचा शिरकाव म्हणजे त्या जीवनाचा अंत वाटतो. उद्योग आला की पदयात्रा संपली, हे समीकरण त्याच्या ग्रंथाच्या बुडाशी आहे. ते सर्वत्र खरे आहे काय, या प्रश्नाकडे पुढे यावयाचे आहे.

३

मराठी गद्यात आधाराची कबुली आरंभापासून आढळते, आणि तीही संकोचाविना. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ हा १८५७च्या धामधुमीचा वृत्तान्त म्हणून ख्यात आहे. १९०७ साली चिं. वि. वैद्य यांनी तो संस्कार करून प्रसिद्ध केला व १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ संहिता उजेडात आणली. वरसईचा हा दरिद्री भिक्षुक घरचे कर्ज फेडण्यासाठी, उत्तरेत होणाऱ्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने निघाला होता. आपण कोणाच्या घरी जेवलो, कोणी काय दिले, मिळालेले कोणी लुटून नेले, हा हिशेब तो लपवीत नाही. झाशीचा वेढा त्याच्या लेखनात इतका जिवंत उतरतो याचे एक कारण असे की, तो इतिहास पाहावयास गेलेला नाही. पोटासाठी गेला असता इतिहासात सापडला आहे. आश्रिताची नजर ही खालून पाहणारी नजर असते. तिला सिंहासनाबरोबर मुदपाकखानाही दिसतो.

वारीच्या गद्यात हीच नजर सामुदायिक होते. तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पादुका पालखीत घालून वारीला निराळे रूप दिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी आळंदीच्या सोहळ्याची आज परिचित असलेली शिस्त घालून दिली. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट अडीच-तीन आठवड्यांत चालली जाते. दिंडी हा या सोहळ्याचा घटक जितका भजनाचा, तितकाच चुलीचा आहे. विणेकरी, टाळकरी, तुळस घेतलेल्या स्त्रिया यांच्याबरोबर भिशीची व्यवस्था, पुढे जाऊन उभ्या राहणाऱ्या राहुट्या आणि सामानाच्या गाड्या नसतील तर दिंडी दुसरा मुक्काम गाठणार नाही. म्हणून वारीवर लिहिणाऱ्याने कोणाच्या पंक्तीला पान घेतले, हा प्रश्न गौण नाही.

डॉ. इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखाचे (‘परिपूर्ती’, १९४९) सामर्थ्य नेमके येथे आहे. महाराष्ट्राची ओळख पंढरीच्या वाटेवरून पटविणारा लेख म्हणून तो नेहमी उल्लेखिला जातो. पण ती ओळख लेखाच्या शेवटी हाती येणारे फळ आहे. लेखाचा गाभा पंक्तीत आहे. एकाच दिंडीत ब्राह्मण व मराठा स्त्रिया एकत्र चालतात, एकत्र गातात, आणि जेवावयास मात्र निरनिराळ्या बसतात, ही विसंगती लेखिकेला बोचते. मराठा स्त्रियांबरोबर अन्न घेतल्यावर त्यांच्या वागण्यात फरक पडतो. त्या हात धरून चालू लागतात, मनातले सांगू लागतात, ‘ताई’ म्हणू लागतात. समाजशास्त्रज्ञाला जे ज्ञान प्रश्नावलीने मिळाले नसते ते एका भाकरीने मिळाले, असेच येथे म्हणावे लागते. लेखिका ही गोष्ट विजय म्हणून मिरवीत नाही. पंक्तीतील भेद तिच्या जेवणाने मिटलेला नाही, ही टोचणी तशीच ठेवून ती पुढे चालते. आणि म्हणूनच भक्तिरसाच्या भरात सर्व भेद वितळविणाऱ्या सुलभ वर्णनांहून ‘वाटचाल’ वेगळी पडते.

श्री. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’ (१९६४) या पुस्तकाचा पिंड वेगळा आहे. इरावतीबाई समाजाचा शोध घेतात, मोकाशी श्रद्धेचा. एवढी माणसे दरवर्षी का चालतात आणि आपल्याला ते का साधत नाही, हा प्रश्न घेऊन कथाकार मुक्कामामागून मुक्काम गाठतो, आणि उत्तर सापडल्याचा आव न आणता पंढरपूरला पोहोचतो. येथे आधार केवळ अन्नाचा राहत नाही. ज्यांच्यापाशी श्रद्धा आहे त्यांच्या चालण्यावर, जवळ तितकी श्रद्धा नसलेला लेखक आपले चालणे टेकवून असतो. हे परावलंबन अधिक सूक्ष्म आहे, आणि ते उघडे ठेवण्यात मोकाशींचा प्रामाणिकपणा आहे. पुढे ‘आनंद ओवरी’ (१९७४) या कादंबरीत त्यांनी तुकारामांचा भाऊ कान्होबा याच्या मुखाने हेच सूत्र वेगळ्या पातळीवर मांडले. नाहीशा झालेल्या भावाच्या मागावर निघालेला, त्याच्या वाटेने जाऊ पाहणारा आणि त्याच्यासारखा होऊ न शकणारा हा माणूस ‘पालखी’तील निवेदकाचा सख्खा आप्त आहे. थोराच्या मागून चालणाऱ्याचे दुःख मराठीत इतक्या संयमाने क्वचितच लिहिले गेले असेल.

४

कान्होबाची देहू आज ज्या प्रदेशाच्या वेशीवर उभी आहे, तो प्रदेश मात्र या गद्याच्या कक्षेत अद्याप आलेला नाही. इरावतीबाई व मोकाशी दोघांचीही वाट ज्ञानेश्वरांच्या पालखीची. शिवाय ‘वाटचाल’ लिहिली गेली तेव्हा पिंपरी हे खेडे होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली आला, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० साली व महानगरपालिका १९८२ साली झाली. नव्वदच्या दशकापासून चाकणचा माळ वाहनउद्योगाने व्यापला. फोक्सवॅगनचा कारखाना तेथे २००९ साली सुरू झाला. आळंदी व देहू ही दोन्ही प्रस्थानक्षेत्रे या पट्ट्याच्या कुशीत आली. तुकारामांची पालखी देहूहून निघाली की निगडीवरून येऊन पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात करते आणि दुसऱ्या दिवशी चिंचवड, पिंपरी, कासारवाडी, दापोडी असा जुना मुंबई-पुणे रस्ता धरते. ज्ञानेश्वरांची पालखी दिघीवरून जाते. वारीची पहिली पावले आज शेताच्या बांधावर नव्हे, कारखान्यांच्या भिंतींच्या कडेने पडतात.

थेसिजर यांचे समीकरण येथे लागू पडत नाही. उद्योग आला आणि पदयात्रा वाढली. याचे कारण श्रद्धेच्या दृढतेत शोधणे सोपे आहे. पण वारीच्या रचनेतच ते अधिक स्पष्ट दिसते. ओसाड भूमीवरील मोहीम वस्ती आली की निरर्थक होते. वारीला वस्ती हाच आधार असल्याने वस्तीचे रूप पालटले तरी यजमान उरतो. शेतकऱ्याच्या ओसरीची जागा महापालिकेच्या शाळेने घेतली, विहिरीची जागा टँकरने घेतली, गावकीच्या पंक्तीची जागा मंडळांच्या व कामगारांच्या मांडवांनी घेतली. मराठवाड्यातून या पट्ट्यात कामाला आलेला कामगार पाळी संपवून रस्त्याच्या कडेला पाण्याचे पेले भरतो, तेव्हा समोरून जाणाऱ्या दिंडीत त्याच्याच तालुक्यातील माणसे असू शकतात. यजमान आणि पाहुणा एकाच मुलखाचे, आणि दोघेही या भूमीला परके, ही स्थिती वारीच्या गद्याला नवी आहे. २०२० व २०२१ साली करोनाच्या साथीमुळे पायी सोहळा होऊ शकला नाही व पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. त्या दोन वर्षांत चालणाऱ्यांची वारी चुकली, तशी वाढणाऱ्यांचीही चुकली.

या अवस्थेचे वर्णन वृत्तपत्रांतून येते. परंतु ते बहुधा स्वागताच्या कमानी व गर्दी यांपाशी थांबते. या पट्ट्यातील मैल दोन महाद्वारांमधला रुक्ष मजकूर समजून ओलांडले जातात. मकरानच्या रहिवाशांना एरियनने जसे एका वाक्यात आटोपले, तसेच हे आहे. कारखान्यांचा प्रदेशही लेखकाच्या नजरेत एक प्रकारचे वाळवंट ठरतो, कारण तेथे ‘पाहण्यासारखे’ काही नाही असे आधीच गृहीत धरलेले असते.

५

या कसोटीवर एक आक्षेप संभवतो. ऋणाची नोंद हा नैतिक गुण असेल, वाङ्मयीन गुण कसा? कृतज्ञ माणूस नीरस लिहू शकतो, आणि कृतघ्न माणूस सुंदर लिहू शकतो. आक्षेप निराधार नाही. आभारांची यादी म्हणजे गद्य नव्हे. परंतु वर पाहिलेल्या चारही ग्रंथांत, आणि एरियनच्या त्या एका प्रसंगात, आधाराचे भान हे सौजन्य म्हणून आलेले नाही. दृष्टी म्हणून आले आहे. फुटलेली मोहोर, वाढून टाकलेला ससा, दक्षिणेचा हिशेब, वेगळी पंक्ती, न लाभलेली श्रद्धा या तपशिलांवाचून त्या त्या लेखनाचा अर्थच उभा राहत नाही. पदयात्रेत लेखकाला सत्य दिसते ते तो कोणाचा तरी मिंधा असताना. आणि तो मिंधेपणा त्याने पुसला की सत्याचा तेवढा भाग त्याच्याबरोबर पुसला जातो.

तात्पर्य, मराठीत पदयात्रेच्या गद्याची परंपरा समृद्ध आहे, पण तिचा पुढचा टप्पा पंढरपुराजवळ नसून प्रस्थानाजवळ आहे. आकुर्डीच्या मुक्कामी शाळेच्या वर्गात पथारी टाकणाऱ्या वारकऱ्याइतकेच त्या वर्गाचे कुलूप काढणाऱ्या शिपायाकडे, दिंडीइतकेच पाळीवरून परतताना तिच्यासाठी थांबलेल्या कामगाराकडे जो पाहील, त्याला इरावतीबाईंच्या पंक्तीचा प्रश्न नव्या रूपात भेटेल. पाण्याचा पेला हातात देणारा आणि तो घेणारा एकत्र जेवावयास बसतात काय, हा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर दुरून मिळणारे नाही.